काठीच्या पोटातले विज्ञान

गुप्ती आपल्याला ठाऊक असते. वरून साधी हातातली काठी, मूठ उपसली की आत धारदार पाते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत युरोपात याच धर्तीवर वेगळ्याच काठ्या बनत होत्या. त्यांची मूठ फिरवली की आतून दुर्बीण निघे, पाऱ्याने भरलेली काचेची नळी निघे, घोड्याची उंची मोजायची पट्टी निघे, नाहीतर पिंपातली दारू मोजायचा गज निघे. आज या काठ्या लिलावगृहांत आणि खासगी संग्रहांत दिसतात. त्यांच्याकडे बघायची रीत मात्र ठरून गेली आहे. मूठ हस्तिदंती आहे की चांदीची, कोरीवकाम कोणत्या घडणीचे, किंमत किती गेली, याचीच चर्चा होते. आतल्या उपकरणाने नेमके काय मोजता येत होते आणि किती अचूक, हे फारसे कुणी विचारत नाही.

ते विचारायला हवे. कारण या काठ्यांबद्दलचा मूळ प्रश्न तोच आहे: ही खरीखुरी वैज्ञानिक उपकरणे होती, की पैसेवाल्यांची हौस? संग्राहकांच्या जगात याची दोन टोकाची उत्तरे मिळतात. काहींना प्रत्येक होकायंत्रवाली मूठ एखाद्या धाडसी प्रवाशाची वाटते. विज्ञानाचे इतिहासकार बहुधा या सगळ्या प्रकाराला दुकानातली गंमत मानून पुढे जातात. दोघांचेही उत्तर अपुरे आहे. काठ्यांची सरसकट प्रतवारी लावता येत नाही. प्रत्येक काठीला एक साधा प्रश्न विचारावा लागतो: या उपकरणाला काठीची गरज होती का?

काठी हातात का आली

अठराव्या शतकात युरोपातल्या शहरी पुरुषांच्या कमरेची तलवार हळूहळू मागे पडली आणि हातात काठी आली. ती म्हाताऱ्यांचा आधार नव्हती, पोशाखाचा भाग होती. आग्नेय आशियातून येणारा मलाक्का वेत हलका, सरळ आणि चिवट असल्याने त्याला मोठी मागणी होती. शिवाय आबनूस, बांबू आणि देशी लाकडेही वापरात होती. एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्ग वाढला, कारखाने आले, पेटंटे सोपी झाली, आणि काठीच्या पोकळीत काय काय बसवता येईल याची चढाओढ लागली. लंडनमध्ये ब्रिग आणि स्वेन अँड अॅडनी यांसारखी नामांकित दुकाने उभी राहिली. जर्मनीतल्या थुरिंगियामधले लिंडेवेरा हे गाव तर काठ्या बनवण्यावरच नावारूपाला आले. तिथे आज काठ्यांचे संग्रहालय आहे.

या काठ्यांचा पद्धतशीर अभ्यास मात्र खूप उशिरा सुरू झाला. कॅथरीन डाइक यांचा ‘केन क्युरिओसा’ हा १९८३ सालचा ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो. त्यांनी काठ्यांची मांडणी मुठीच्या नक्षीवरून केली नाही, आत काय दडले आहे यावरून केली. मद्याची बाटली, तलवार, बंदूक, बासरी, छत्री, रंगपेटी अशी ती यादी लांबत जाते. इथे आपल्याला त्यातल्या फक्त मोजणाऱ्या आणि पाहणाऱ्या काठ्यांकडे बघायचे आहे. त्यांच्यामागे तीन प्रेरणा दिसतात: उपकरण सोबत वाहून नेणे, ते लपवणे आणि ते मिरवणे. या तिन्ही वेगळ्या काढल्या की निवाडा सोपा होतो.

लांबीचे उपकरण: बॅरोमीटर

वाहून नेण्याच्या गरजेतून आलेल्या काठ्यांत पहिला मान पाऱ्याच्या बॅरोमीटरला द्यायला हवा. हवेचा दाब समुद्रसपाटीवर पाऱ्याचा सुमारे ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. वरची थोडी पोकळी आणि खालचा थोडा भाग धरला तर नळी ८० ते ९० सेंटिमीटर लांब लागते. ही लांबी कमी करायला वाव नाही. ती निसर्गानेच ठरवून दिली आहे. आणि हातातल्या काठीची लांबीही जवळपास तेवढीच असते. उपकरण आणि काठी यांची मापे इतकी नेमकी जुळण्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

ही नळी डोंगरावर नेण्याची गरजही पहिल्यापासून होती. पाऱ्याच्या नळीचा तोरिचेल्लीचा मूळ प्रयोग १६४३ सालचा. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालचा मेहुणा फ्लोरँ पेरिए फ्रान्समधल्या प्युई-द-डोम या डोंगरावर पाऱ्याच्या नळ्या घेऊन चढला. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली आला. हवेला वजन आहे आणि वर जावे तसे ते कमी होते, हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसले. त्यातूनच पुढे उंची मोजण्याची रीत निघाली. समुद्रसपाटीजवळ साधारण ११ मीटर चढले की पारा १ मिलिमीटर उतरतो. दीडदोनशे वर्षे डोंगरांच्या उंच्या मोजण्याचा हा हुकमी मार्ग होता. १७८७ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूर आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या शिखरावर पोहोचला तेव्हा त्याच्या सामानात बॅरोमीटर होतेच.

प्रश्न होता तो पारा जिवंत ठेवण्याचा. ६ मिलिमीटर पोकळीच्या ८० सेंटिमीटर नळीत सुमारे ३०० ग्रॅम पारा मावतो. चालताना नळी हिंदकळली की हा जड धातू काचेच्या बंद टोकावर आदळतो आणि काच फुटते. एखादा हवेचा बुडबुडा वर शिरला तर सगळी मापे चुकतात. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने १८१६ च्या सुमारास इंग्रजी जे अक्षरासारखी वळवलेली नळी वापरून यावर तोड काढली. दोन्ही भुजांची पोकळी सारखी ठेवल्याने काचेच्या ओढीमुळे येणारी चूक एकमेकींत फिटते. दोन्ही भुजांना जोडणारा भाग केसासारखा बारीक ठेवल्याने उपकरण उलटे धरून नेले तरी हवा सहजी आत शिरत नाही. पॅरिसच्या बुंतेन या कारागिराने १८२८ मध्ये मध्येच एक छोटा सापळा बसवला. चुकून शिरलेला बुडबुडा त्यातच अडकून राहतो, वरच्या पोकळीपर्यंत जात नाही.

अशी नळी काठीच्या आकाराच्या आवरणात बसली की प्रवाशाच्या हाती खरे उपकरण येई. फक्त एक पथ्य होते: या काठीवर भार टाकून चालायचे नाही. शेंबी दगडावर ठोकली की धक्का थेट पाऱ्याला. म्हणून ती काठी हातात आडवी किंवा उलटी धरून न्यायची, आणि थांबल्यावर ओळंब्यात टांगून वाचन घ्यायचे. चालण्याच्या दृष्टीने ती काठी नव्हतीच, काठीच्या रूपातली पेटी होती. पण त्याने तिचे वैज्ञानिक मोल कमी होत नाही. काठीचा आकार तिने शोभेसाठी घेतला नव्हता, पाऱ्याला तेवढी लांबी हवी होती म्हणून घेतला होता.

लांबीचे दुसरे उपकरण: दुर्बीण

दुर्बिणीचेही तसेच. फ्लॉरेन्सच्या म्युझिओ गॅलिलिओमध्ये जपलेल्या गॅलिलिओच्या दोन दुर्बिणींपैकी एकीची लांबी सुमारे ९३ सेंटिमीटर आहे आणि ती वस्तू जवळजवळ २० पट मोठी दाखवते. समोरचे भिंग त्याने कडेने झाकून फक्त दीड सेंटिमीटरभर उघडे ठेवले होते, कारण कडेच्या भागातून प्रतिमा फिसकटत असे. लांबी काठीएवढी आणि भिंग काठीत मावेल एवढे. म्हणजे गुरूचे चार चंद्र दिसायला मोठी दुर्बीण लागतच नव्हती.

तरीही चांगल्या दुर्बीण-काठ्या बनायला दीड शतक जावे लागले. साध्या भिंगातून प्रतिमेभोवती रंगांच्या कडा येतात. त्या कमी करायच्या तर नळी लांबच लांब करावी लागे. काही खगोलनिरीक्षकांनी त्यापायी जहाजाच्या डोलकाठीएवढ्या दुर्बिणी उभारल्या होत्या. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचांची भिंगे जोडून हा रंगदोष घालवता येतो, आणि लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्याचा मुलगा पीटर डॉलंड याने हा धंदा नावारूपाला आणला. त्यानंतर आखूड नळीतून स्वच्छ प्रतिमा मिळू लागली. पितळी नळ्या एकीत एक सरकवून काठीच्या वरच्या भागात बसवायच्या, मूठ आटे फिरवून काढायची आणि नळ्या ओढून डोळ्याला लावायच्या, ही रचना त्यामुळेच शक्य झाली.

अशा काठीतून किती दिसे? समोरचे भिंग १८ मिलिमीटरचे धरले आणि डोळ्याची बाहुली ५ मिलिमीटर उघडी धरली, तर भिंग डोळ्यापेक्षा सुमारे १३ पट प्रकाश गोळा करते. बंदरावर उभे राहून येणाऱ्या जहाजाचे निशाण ओळखायला, शर्यतीच्या मैदानावर लांबच्या वळणावरचे घोडे बघायला किंवा चंद्रावरची विवरे पाहायला हे पुरेसे होते. अडचण एकच होती, हाताचा कंप. २० पट मोठी प्रतिमा हाताच्या थरथरीलाही २० पट मोठी करते. काठीतल्या दुर्बिणीला तिवई नसे. म्हणून जाणत्या कारागिरांनी वाढीची हाव धरली नाही. बेताची वाढ आणि स्वच्छ प्रतिमा हाच त्यांचा मध्यममार्ग होता. एखादी दुर्बीण-काठी तपासताना ती किती पट दाखवते यापेक्षा ती हातात धरून स्थिर दिसते का, हे बघावे. कारागिराची समज तिथे कळते.

मोजपट्टीची काठी

सर्वांत साधी, आणि मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी, काठी आहे ती घोड्याची उंची मोजणारी. बाहेरून वेताची किंवा बांबूची. मूठ वर ओढली की आतून बॉक्सवुडची चौकोनी पट्टी सरकत येते. तिच्यावर इंच आणि ‘हँड’ यांच्या खुणा कोरलेल्या असतात. हँड म्हणजे ४ इंच. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० मध्ये, इंग्लंडच्या कायद्याने हे माप पक्के केले होते. पट्टीच्या डोक्याशी बिजागरीवर एक पितळी हात दुमडून ठेवलेला असतो. तो काटकोनात उघडायचा, घोड्याच्या मानेच्या मुळाशी दोन खांद्यांमधला जो उंचवटा असतो त्यावर टेकवायचा आणि जमिनीपासूनची उंची वाचायची.

या पितळी हातात एक बोटभर काचेची नळी बसवलेली असते. आत द्रव आणि त्यात एक बुडबुडा. गवंड्याच्या पाणसळीसारखीच ती. हात किंचित कलला तरी उंची चुकते, आणि घोड्याच्या व्यवहारात बोटभर फरकानेही प्राण्याचा वर्ग बदलतो. म्हणून आधी बुडबुडा मधोमध आणायचा, मगच आकडा वाचायचा. १५ हँड २ इंच असे वाचन आले तर घोडा ६२ इंच, म्हणजे सुमारे १५७ सेंटिमीटर उंच. मोजणाऱ्याचा डोळा, विकणाऱ्याची घाई आणि घेणाऱ्याचा संशय या तिघांमध्ये निवाडा करायला तो बुडबुडा पुरेसा होता. पोकळीत पट्टी लपवलेली आहे हे यात अगदीच दुय्यम. बाजारात दिवसभर फिरणाऱ्या माणसाला काठी हवीच होती, आणि मापही हवे होते.

दारूची पिंपे मोजणाऱ्या गजाचे नाते तर थेट गणिताशी आहे. अबकारी अधिकारी आणि व्यापारी पिंपाच्या बुचाच्या भोकातून गज तिरका घालून समोरच्या तळाच्या कडेला टेकवत आणि गज जिथपर्यंत ओला होई त्यावरून आतला माल ठरवत. १६१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने दुसरे लग्न केले तेव्हा घरी आलेल्या वाइनची किंमत अशाच एका गजाने ठरवलेली पाहून त्याला नवल वाटले. सडपातळ पिंप आणि गोलमटोल पिंप या दोन्हींत गज तेवढाच बुडू शकतो, मग माल सारखा कसा? या प्रश्नाचा पाठपुरावा करून त्याने १६१५ मध्ये पिंपांच्या घनफळावर ग्रंथ लिहिला. ऑस्ट्रियातल्या पिंपांचा आकार जास्तीत जास्त घनफळाच्या इतका जवळ आहे की घडणीत थोडे इकडेतिकडे झाले तरी माप फारसे चुकत नाही, हे त्याने दाखवले. महत्तम मूल्याजवळ बदल मंद होतो, ही पुढे कलनशास्त्रात पक्की झालेली कल्पना दारूच्या गजातून पुढे आली. हे गज पुढे हातातल्या काठीच्या पोकळीतही शिरले.

मुठीतली मिरवण

आता दुसरी बाजू. लिलावांत सर्वांत जास्त दिसतात त्या मुठीत काहीतरी बसवलेल्या काठ्या: झाकण उघडले की होकायंत्र, छोटे छायायंत्र, घड्याळ, थर्मामीटर, भिंग, क्वचित सूक्ष्मदर्शक. यांतल्या बहुतेकांना काठीची गरज नव्हती. होकायंत्र खिशात राहते, घड्याळही राहते. सूक्ष्मदर्शकाला तर स्थिर बैठक आणि खालून प्रकाश लागतो, आणि काठीची मूठ यांपैकी काहीच देत नाही. मुठीत बसवलेले होकायंत्र जवळच्या लोखंडी खिळ्याने किंवा पोलादी सळईने चळू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते. या काठ्या मिरवण्यासाठी होत्या. त्यांत कमीपणा काही नाही. त्यांची घडण पाहून थक्क व्हावे अशी असते. पण त्यांना प्रवाशाचे उपकरण म्हणणे हे त्या कारागिरावरही अन्याय करणारे आहे. त्याने दागिना घडवला होता, आणि उत्तम घडवला होता.

निसर्ग धुंडाळणाऱ्यांच्या काठ्या मधल्या जागेवर येतात. वनस्पती मुळासकट उपटायला खुरपे असलेली, फुलपाखराची जाळी पोटात ठेवलेली, भूशास्त्रज्ञाच्या हातोडीची मूठ असलेली. रानात चालणाऱ्याला काठी लागतेच, आणि तिच्या टोकाला काम करणारी वस्तू बसली तर हात एकच गुंततो. या काठ्या साध्या आहेत, म्हणून लिलावात त्यांना भाव कमी मिळतो. माझ्या मते तो जास्त मिळायला हवा.

डॉक्टरांची काठी ही वेगळीच कथा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये सोन्याच्या मुठीची एक काठी आहे. जॉन रॅडक्लिफ, रिचर्ड मीड, अँथनी अॅस्क्यू, विल्यम पिटकेर्न आणि मॅथ्यू बेली यांसारख्या वैद्यांच्या हातांतून ती गेली, आणि विल्यम मॅकमायकलने १८२७ मध्ये तिच्यावर पुस्तकच लिहिले. त्या काळच्या अनेक वैद्यांच्या काठ्यांची मूठ पोकळ आणि सच्छिद्र असे आणि तीत सुगंधी द्रव्य किंवा व्हिनेगर भरलेले असे. रोग दूषित हवेतून येतो अशी समजूत होती, म्हणून रोग्याच्या खाटेशी उभे राहताना ती मूठ नाकाशी धरायची. जंतुशास्त्राने पुढे ती समजूत मोडून काढली. पण ही काठी मिरवण नव्हती. आपल्या काळच्या सर्वमान्य शास्त्रावर विसंबून वैद्याने हातात घेतलेले ते साधन होते. शास्त्र चुकले म्हणून साधन वापरणाऱ्याला हसू नये.

लपवण्याची किंमत

खऱ्या अर्थाने लपवण्यासाठी केलेल्या काठ्या थोड्याच आहेत, आणि त्या मनाला भिडतात. त्यांतली एक ऐकू कमी येणाऱ्यांची. लंडनच्या एफ. सी. राइन यांच्यासारख्या कारागिरांनी ध्वनी गोळा करणारे कर्णे पंखे, फुलदाण्या आणि काठ्यांच्या मुठी यांत दडवले. मूठ सहज कानाशी नेली की बोलणाऱ्याचा आवाज थोडा मोठा होई. पण कर्ण्याचे तोंड जितके रुंद तितका आवाज जास्त गोळा होतो, आणि मुठीत ते रुंद करायला जागाच नाही. म्हणजे कमी ऐकू येते हे लोकांपासून लपवायचे तर ऐकण्यातलाच काही भाग सोडून द्यावा लागे. लोकांनी तो सोडला. त्या काळी बहिरेपणाला चिकटलेली लाज किती जड होती, हे या काठ्या कोणत्याही ग्रंथापेक्षा स्पष्ट सांगतात.

दुसरी कथा हिमालयातली. १८६० च्या दशकात तिबेटमध्ये परक्यांना मज्जाव होता आणि नकाशावर तो प्रदेश जवळपास कोरा होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॅप्टन माँटगोमेरी यांनी सीमेवरच्या भारतीयांना मोजणी शिकवून यात्रेकरूंच्या वेशात पाठवायचे ठरवले. कुमाऊंमधल्या मिलम गावचे नैनसिंह रावत त्यांतले अग्रणी. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी, म्हणजे पूर्ण माळ दहा हजार पावलांची. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. पारा कवड्यांत भरून नेलेला, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायला लागणारे कृत्रिम क्षितिज करण्यासाठी. आणि यात्रेकरूच्या काठीत थर्मामीटर.

थर्मामीटर कशाला? उंची मोजायला. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण ३०० मीटरला १ अंश सेल्सिअसचा फरक पडतो. ल्हासाच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते. पाऱ्याची मीटरभर नळी यात्रेकरूच्या झोळीत लपत नाही, पण वीतभर थर्मामीटर काठीत लपते. चहाचे भांडे उकळत ठेवले की मोजणी होते आणि कुणाला संशय येत नाही. नैनसिंह जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. त्या प्रवासात त्यांनी मोजलेली पावले २५ लाखांच्या घरात जातात. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. लपवलेल्या उपकरणाच्या जगभरातल्या सगळ्या काठ्यांत कुणाचे मोल सर्वांत जास्त, असे विचारले तर मी या काठीचे नाव घेईन. तिला नक्षी नव्हती, चांदीची मूठ नव्हती. ती उघडी पडली असती तर तिच्या धन्याचा जीव गेला असता.

आपल्याकडची काठी

उपकरण झालेली काठी ही युरोपची मिरासदारी नव्हती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या यंत्राध्यायात यष्टियंत्र आहे. काठी सूर्याकडे अशी रोखायची की तिची सावलीच नाहीशी होईल. मग तिच्या टोकापासून जमिनीवर लंब सोडायचा आणि त्यावरून सूर्याची उंची काढायची. याच अध्यायात आचार्य सर्व यंत्रांत श्रेष्ठ म्हणून धीयंत्राला, म्हणजे बुद्धीला, मान देतात. हातात नुसती काठी असली आणि गणित येत असले तर दूरच्या बांबूची उंची आणि अंतर सांगता येते, असे ते पटवून देतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

त्याहून जवळचे नाते कोकणातल्या गणेश दैवज्ञांचे. त्यांचे गाव नंदिग्राम म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या मुरूडजवळचे नांदगाव. तिथले केशव दैवज्ञ यांचे हे पुत्र. त्यांचा शके १४४२ चा, म्हणजे १५२० सालचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ मराठी पंचांगकर्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला. याच गणेश दैवज्ञांनी प्रतोदयंत्रावर एक छोटी रचना केली. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यावर उभ्या मोजपट्ट्या कोरायच्या, प्रत्येक पट्टी वर्षाच्या ठरावीक काळासाठी. त्या काळाच्या पट्टीवर भोकात आडवी काडी खोचायची, दांडा सरळ धरून काडीची सावली थेट खाली पडेल असा फिरवायचा, आणि सावली जिथे संपते तिथे सूर्योदयापासून किती घटिका झाल्या ते वाचायचे. घटिका म्हणजे २४ मिनिटे. सूर्य जितका वर तितकी ही सावली लांब. घोड्यावरच्या स्वाराला हातातल्या वस्तूवरच वेळ कळावी, ही कल्पना त्यामागे आहे.

हेच तत्त्व हिमालयातल्या यात्रेकरूंच्या अष्टकोनी काठ्यांत दिसते. त्यांच्या प्रत्येक बाजूवर महिन्यांच्या खुणा कोरलेल्या असतात आणि सूर्य सारख्या उंचीवर असणाऱ्या महिन्यांना एकच बाजू चालते. युरोपातही मेंढपाळांचे दंडगोल छायायंत्र मध्ययुगापासून होते. पण आपल्याकडच्या या काठीचे वैशिष्ट्य असे की तिने काही लपवले नाही. मोजपट्टी काठीच्या अंगावरच आहे, चालता चालता दिसते. दांड्याचा उभेपणाच इथे उपकरण आहे. माझ्या कसोटीवर ही काठी सर्वांत वर उतरते. त्यामुळे आपल्या संग्रहालयांनी, जुन्या वाड्यांनी आणि ज्योतिषी घराण्यांनी माळ्यावरच्या खुणा कोरलेल्या काठ्या नुसत्या नक्षीच्या समजून टाकून देऊ नयेत. एकदा उन्हात धरून पाहाव्यात.

लांबी दुमडली, काठी रिकामी झाली

हा सगळा प्रकार पहिल्या महायुद्धानंतर ओसरला. मोटारी आल्या, हातात बॅगा आल्या, फॅशन बदलली, ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. पण उपकरणांच्या बाजूने पाहिले तर काठीचा आधार त्याआधीच सुटला होता. १८४४ मध्ये फ्रान्सच्या ल्युसियाँ व्हिदीने पाऱ्याविना चालणाऱ्या अॅनेरॉइड बॅरोमीटरचे पेटंट घेतले. हवा काढून घेतलेली धातूची चपटी डबी दाबाने फुगते आणि आक्रसते. ७६ सेंटिमीटर उंचीचा पारा घड्याळाएवढ्या तबकडीत मावला. दुर्बिणीचेही तसेच झाले. इग्नात्सिओ पोरो याने १८५४ मध्ये लोलकांनी प्रकाशाची वाट दुमडण्याची युक्ती काढली, आणि १८९० च्या दशकात झाइस कंपनीने तिच्यावर आधारलेल्या जोडदुर्बिणी बाजारात आणल्या. ज्या लांबीसाठी उपकरणे काठीत शिरली होती, ती लांबीच लागेनाशी झाली.

त्यानंतरच्या काठ्यांत कल्पकता आहे, गरज कमी आहे. १९०३ च्या सुमारास बर्लिनच्या ए. लेमान यांनी ‘बेन अकिबा’ नावाची काठी विकायला काढली. ड्रेस्डेनच्या एमिल क्रोन्केच्या रचनेवर ती बेतलेली होती. तिच्या मुठीत कॅमेरा होता आणि दांड्यात जादा फिल्मची रिळे. सुंदर वस्तू आहे ती. पण कॅमेऱ्याला ना काठीची लांबी हवी होती ना तिचा उभेपणा. काठी इथे फक्त रिळांची पेटी झाली. घोडा मोजायची काठी मात्र आजही बनते आणि वापरात आहे. घोड्याची उंची कोणत्याही युक्तीने दुमडता येत नाही.

जपणूक आणि पारख

जुन्या काठ्यांच्या बाजारात ‘जोडकाम’ हा मोठा रोग आहे. एकीकडची अस्सल मूठ, दुसरीकडचा दांडा आणि तिसरीकडची पितळी दुर्बीण जोडून नवी ‘दुर्मीळ’ काठी तयार होते. यातले प्रत्येक अंग जुने असल्याने वरवर शंका येत नाही. पारख करताना आट्यांची घडण सगळीकडे सारखी आहे का, मुठीची झीज आणि शेंबीची झीज एका वयाची आहे का, आणि उपकरण पोकळीत नीट बसते की भरणी घालून बसवले आहे, हे पाहावे. सर्वांत खात्रीची परीक्षा कामाची. बॅरोमीटरवर वाचनाची बारीक मोजपट्टी नसेल तर ते शोभेचे. दुर्बीण स्थिर आणि स्वच्छ दिसत नसेल तर ती नंतर बसवलेली असण्याची शक्यता मोठी. पाऱ्याच्या नळ्या हाताळताना काळजी हवी. गळलेला पारा विषारी वाफ सोडतो आणि तो लाकडाच्या भेगांत राहतो.

हस्तिदंताचा प्रश्न आता कायद्याचाही आहे. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ मध्ये आणि आफ्रिकन हस्तिदंतावर १९९१ मध्ये बंदी आली. ब्रिटनचा आयव्हरी अॅक्ट २०२२ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू भारताबाहेर नेण्यावरही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने निर्बंध आहेत. हत्तींच्या जिवापुढे मुठीची नक्षी मोठी नाही, हे संग्राहकांनी मनापासून मान्य करायला हवे. या काठ्यांचे खरे धन त्यांच्या पोटात आहे, आणि ते सहसा पितळ, काच आणि लाकूड आहे.

संग्रहालयांकडून एक अपेक्षा आहे. या काठ्या बंद करून, एका रांगेत मुठी दाखवत ठेवू नयेत. त्या उघडून ठेवाव्यात, शेजारी ते उपकरण काय मोजते, किती अचूक मोजते आणि त्याला काठी का लागली, हे लिहावे. ते बघून मुलांना कळेल की ७६ सेंटिमीटर हा आकडा पुस्तकातला नाही, तो कुणीतरी हातात धरून डोंगरावर नेला आहे.

हा विषय संपलेला नाही, हेही त्यातून कळेल. दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेली ‘स्मार्टकेन’ २०१४ मध्ये दृष्टिहीनांसाठी बाजारात आली. पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसणारे हे यंत्र माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून समोरचा अडथळा ओळखते आणि हाताला थरथर देऊन सावध करते. पांढरी काठी जमिनीवरचा खड्डा सांगते, पण छातीच्या उंचीवर आलेली फांदी किंवा उघडी खिडकी तिला कळत नाही. ती उणीव हे यंत्र भरून काढते. इथे उपकरणाला काठीची गरज आहे आणि काठीला उपकरणाची. अडीचशे वर्षांच्या या कारागिरीत ज्या काठ्या टिकायला लायक ठरल्या, त्या सगळ्या याच एका अटीवर ठरल्या.